प्लॅस्टर ऑफ पॅरिसची जलीय विषाक्तता : चाचणीच्या निकषांची चिकित्सा (चिंचपाडा, जि. नंदुरबार परिसराच्या विशेष संदर्भात)

गोषवारा : गणेशमूर्तींसाठी वापरल्या जाणाऱ्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसविषयी ‘जलचरांना घातक’ आणि ‘निरुपद्रवी’ असे दोन परस्परविरोधी निर्वाळे दिले जातात. विषाक्ततेच्या प्रचलित चाचण्या विद्राव्य रसायने समोर ठेवून घडविलेल्या असून अल्पविद्राव्य खनिज भुकटीस त्या जशाच्या तशा लावल्यास मूळ प्रश्न निसटतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. पाणपिसवा, रोटिफर आणि गाळात राहणाऱ्या अळ्या यांच्या संदर्भात या चाचण्यांच्या मर्यादांचा येथे ऊहापोह केला असून शाडू माती व अमोनियम बायकार्बोनेट या पर्यायांनाही तोच निकष लावून पाहिला आहे.

बीजसंज्ञा : प्लॅस्टर ऑफ पॅरिस, जिप्सम, विषाक्तता-चाचणी, पाणपिसू, गाळ, मूर्तिविसर्जन.

प्रास्ताविक

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे २०१० मध्ये प्रसिद्ध केली आणि मे २०२० मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती काढून प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदी सुचविली. त्यानंतरचा इतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे. बंदीची अंमलबजावणी काही काळ लांबणीवर पडली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या तत्त्वांचे काटेकोर पालन करण्याचे निर्देश दिले. जून २०२५ मध्ये मूर्ती घडविण्यावरील व विकण्यावरील निर्बंध शिथिल झाले, परंतु न्यायालयाच्या परवानगीवाचून नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जन करण्यास मनाई कायम राहिली. आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित करण्याची अट घालण्यात आली. या साऱ्या वादात ‘विषारी’ हा शब्द दोन्ही बाजूंनी मुक्तपणे वापरला गेला. तो कोणत्या प्राण्याच्या संदर्भात, किती मात्रेसाठी आणि किती काळासाठी वापरला जात आहे, हे मात्र क्वचितच विचारले गेले.

नंदुरबार जिल्ह्यासाठी हा प्रश्न दुहेरी महत्त्वाचा आहे. रायगड जिल्ह्यातील पेणची ख्याती मोठी असली तरी नंदुरबार शहरातील मूर्तिकारांचा व्यवसायही जुना असून येथील मूर्ती शेजारच्या गुजरात व मध्य प्रदेशातही जातात. एका बाजूस या व्यवसायावर अवलंबून असलेली कुटुंबे आहेत, तर दुसऱ्या बाजूस नवापूर तालुक्यातील चिंचपाड्यासारख्या गावांभोवतीचे ओढे, नाले व बंधारे आहेत. सुरत–भुसावळ लोहमार्गावरील चिंचपाडा हे गाव तापीच्या खोऱ्यात, काळ्या बेसाल्ट खडकाच्या प्रदेशात वसलेले आहे. या भागातील ओढ्यांत मिळणारे मासे, खेकडे व झिंगे हे आदिवासी कुटुंबांच्या जेवणात आजही असतात, आणि या खाद्यसाखळीचा पाया डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पाणपिसवा, कोपेपॉड, रोटिफर व कीटकांच्या अळ्या यांच्यावर उभा आहे. म्हणून भुकटी विषारी आहे की नाही, याचा निर्वाळा कोणत्या पुराव्यावर दिला जातो, याची चिकित्सा करणे अगत्याचे ठरते.

‘विरघळत नाही’ या विधानाची तपासणी

जिप्सम या खनिजात कॅल्शियम सल्फेटच्या प्रत्येक घटकासोबत पाण्याचे दोन रेणू असतात. ते सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले असता त्यातील तीन-चतुर्थांश पाणी निघून जाते आणि उरते ती अर्धजलीय कॅल्शियम सल्फेटची पांढरी भुकटी, म्हणजेच प्लॅस्टर ऑफ पॅरिस. भारतातील जिप्समचे प्रमुख साठे राजस्थानात आहेत. भुकटीत पाणी मिसळले की ती पुन्हा जिप्सम होते. सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि काही मिनिटांतच साच्यातील लगदा घट्ट होतो. तात्पर्य, कारखान्यातून पोत्यात येते ती एक वस्तू आणि भाविकांच्या घरी येते ती रासायनिकदृष्ट्या दुसरी वस्तू होय. हा भेद साधा वाटला तरी चाचणीच्या दृष्टीने तो निर्णायक आहे आणि पुढे त्याकडे परत यावे लागेल.

‘प्लॅस्टर पाण्यात विरघळत नाही’ हे वाक्य वृत्तपत्रांपासून शोधनिबंधांपर्यंत सर्वत्र आढळते. ते शब्दशः खरे नाही. सामान्य तापमानाला एक लिटर पाण्यात जिप्सम दोन ते अडीच ग्रॅम विरघळते. खडू वा चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, शुद्ध पाण्यात जितके विरघळते त्याच्या शंभरपटीहून हे प्रमाण अधिक आहे. मूर्ती न विरघळल्यासारखी दिसते याची कारणे वेगळी आहेत. घट्ट गोळ्याचा पाण्याशी संपर्क येणारा पृष्ठभाग वजनाच्या मानाने अल्प असतो, वर रंगाचा थर असतो, काथ्याचे धागे तुकड्यांना धरून ठेवतात आणि साचलेल्या पाण्यात मूर्तीलगतचा थर लवकर संपृक्त होतो. म्हणजे प्रश्न विद्राव्यतेपेक्षा विरघळण्याच्या गतीचा आहे. जी वस्तू विरघळतच नाही ती पाण्याचे रसायन बदलणार नाही. जी मंदपणे विरघळते ती ते बदलते, मात्र मोजणी कोणत्या दिवशी केली यावर उत्तर अवलंबून राहते.

मात्रेचा अंदाज घेण्यासाठी एक साधे गणित मांडता येईल. वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद व सरासरी एक मीटर खोल अशा डोहात २,००,००० लिटर पाणी असते. त्यात पाच किलो वजनाची एक मूर्ती पूर्णपणे विरघळली असे गृहीत धरले, तर दर लिटरमागे २५ मिलिग्रॅम जिप्समची भर पडेल. त्यात सल्फेट सुमारे १४ मिलिग्रॅम व कॅल्शियम सुमारे ६ मिलिग्रॅम असेल. बेसाल्टच्या प्रदेशातील पाण्यात कॅल्शियम व बायकार्बोनेट मुळातच असतात. एवढी वाढ तेथे जाणवणारही नाही. त्याच डोहात अशा चाळीस मूर्ती पूर्ण विरघळल्या तर जिप्समचे प्रमाण लिटरमागे एक ग्रॅम आणि सल्फेटचे सुमारे ५६० मिलिग्रॅम होईल. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात, अन्य स्रोत नसल्यास, सल्फेटची कमाल मर्यादा ४०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे माणसासाठी ते पाणी मानकाबाहेर जाईल.

याच पाण्यात पाणपिसवा मात्र बहुधा जिवंत राहतील. माउंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रमुख आयनांच्या विषाक्ततेचा जो विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सेरिओडॅफ्निया डुबिया व डॅफ्निया मॅग्ना या दोन्ही पाणपिसवांसाठी कॅल्शियम सल्फेटची निम्मे प्राणी मारणारी मात्रा लिटरमागे सुमारे दोन ग्रॅमच्या आत, म्हणजे जवळजवळ विद्राव्यतेच्या सीमेपर्यंत, सापडली नाही. त्याच अभ्यासात पोटॅशियम सर्वाधिक विषारी ठरले, सल्फेट यादीच्या तळाशी राहिले आणि कॅल्शियमचा स्वतंत्र विषारी परिणाम लक्षणीय ठरला नाही. प्लॅस्टर निरुपद्रवी आहे असे म्हणणारे ज्या प्रकारच्या पुराव्याचा आधार घेतात तो हा होय, आणि तो भक्कम आहे. त्याने सिद्ध काय होते, हा वेगळा मुद्दा आहे.

डॅफ्निया-चाचणीचा मूळ प्रश्न

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची, म्हणजे ओईसीडीची, २०२ क्रमांकाची चाचणी पाणपिसवांच्या निश्चलतेवर आधारलेली असून तिची सध्याची आवृत्ती २००४ सालची आहे. चोवीस तासांहून कमी वयाची पिल्ले घ्यावयाची; दर मात्रेस किमान वीस, शक्यतो पाच-पाचच्या चार गटांत ठेवावयाची; १८ ते २२ अंश तापमानात अठ्ठेचाळीस तास, अन्नावाचून. पेला हलकेच हलविल्यावर पंधरा सेकंदांत जी पोहू शकत नाहीत ती निश्चल समजावयाची. नियंत्रण पेल्यात दहा टक्क्यांहून अधिक प्राणी निश्चल झाल्यास चाचणी अग्राह्य. नियमांची ही काटेकोर मांडणी प्रशंसनीय आहे, आणि जगभरातील प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवता येतात ते तिच्यामुळेच.

तथापि या चाचणीच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे : विष पाण्यात एकजीव झाले आहे आणि प्राणी त्या पाण्यात सर्वत्र सारखाच बुडालेला आहे. कॉपर सल्फेट किंवा कीटकनाशकाच्या द्रावणाबाबत हे मान्य करता येते. भुकटीबाबत ते लागू होत नाही. पेल्यात टाकलेली भुकटी काही मिनिटांत तळाशी बसते आणि पाणपिसू वरच्या पाण्यात पोहत राहते. अशा वेळी पेल्यावर ‘लिटरमागे एक ग्रॅम’ अशी चिठ्ठी चिकटविली, तरी प्राण्याच्या वाट्याला आलेली मात्रा केवळ विरघळलेल्या भागाची असते. नाममात्र मात्रा आणि प्रत्यक्ष मात्रा यांतील ही तफावत ओईसीडीलाही ठाऊक आहे. अवघड पदार्थांच्या जलीय चाचण्यांसाठी तिने २००० मध्ये वेगळी मार्गदर्शिका काढली आणि २०१९ मध्ये ती सुधारली. आपल्याकडे महाविद्यालयीन पातळीवर होणाऱ्या कामात मूळ चाचणीचा क्रमांक आवर्जून दिला जातो, या मार्गदर्शिकेचा उल्लेख मात्र सहसा आढळत नाही.

येथे महाराष्ट्रातील परंपरेची दखल घेणे आवश्यक आहे. मराठवाडा विद्यापीठात आर. नागभूषणम, यू. एच. माने आदींच्या कार्यातून गोड्या व खाऱ्या पाण्यातील मृदुकाय प्राण्यांच्या शरीरक्रियेचा अभ्यास रुजला आणि पुढे राज्यभरातील प्राणिशास्त्र विभागांनी शिंपले, गोगलगायी, खेकडे व झिंगे यांच्यावर धातूंच्या क्षारांची व कीटकनाशकांची ९६ तासांची एलसी-५० मात्रा काढण्याचा परिपाठ घातला. स्थानिक प्राणी निवडण्याची ही दृष्टी मोलाची होती. परंतु शिंपला प्रतिकूल पाण्यात शिंपा मिटून घेतो आणि चार दिवस सहज तग धरतो, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला अशा प्राण्यावरील ९६ तासांचा आकडा नेमका काय मोजतो याविषयी शंका आल्यावाचून राहणार नाही. पदोन्नतीच्या गुणतक्त्यात एक एलसी-५० पुरेशी ठरते, त्यामुळे ही शंका पुढे रेटण्याची निकड कोणाला भासली नाही, हेही नमूद करावयास हवे.

पेल्यातील भुकटी

प्लॅस्टरची चाचणी करताना पोत्यातील कोरी भुकटी थेट पेल्यात टाकणे हा मार्ग सर्वांत सोपा, आणि सर्वांत दिशाभूल करणारा आहे. कोरी भुकटी पाण्यात पडताच जिप्सममध्ये रूपांतरित होऊ लागते. नव्याने वाढणारे स्फटिक पिल्लांच्या कवचाला व पायांच्या केसांना चिकटू शकतात. भट्टीतील मालात चुन्याचा अंश असल्यास पाण्याचा सामूही वाढतो. अशा पेल्यात प्राणी मेले तर ते घट्ट होणाऱ्या प्लॅस्टरने मेले. नदीत मात्र घट्ट होणारे प्लॅस्टर कोणी सोडत नाही. तेथे आधीच घट्ट झालेली, वाळलेली, रंगविलेली मूर्ती जाते. कोऱ्या भुकटीच्या चाचणीवरून विसर्जनावर बंदी मागणे जितके चूक, तितकेच कोऱ्या भुकटीच्या गाळलेल्या द्रावणावरून विसर्जनाला निर्दोषत्व देणे चूक आहे.

मग कोणती वस्तू तपासावी? मूर्तीचा तुकडा, रंगासह आणि रंगावाचून, वाळवून दळलेला व चाळलेला. चाळणीचे माप नोंदविणे अत्यावश्यक आहे, कारण पाणपिसू गाळून खाणारा प्राणी आहे. तिच्या वक्षपायांवरील केसांची जाळी पाण्यातील सूक्ष्म कण अडविते आणि शेवाळ व माती यांत फारशी निवड करीत नाही. आतडे खनिज कणांनी भरते, खऱ्या अन्नाचे प्रमाण घटते, जाळी पुन्हा पुन्हा झाडावी लागते. मॅकेब व ओब्रायन यांनी १९८३ मध्ये डॅफ्निया प्युलेक्सच्या खाद्यग्रहणावर व प्रजननावर तरंगत्या गाळाचा प्रतिकूल परिणाम होतो असे दाखविले. कर्क व गिल्बर्ट यांच्या १९९० च्या कामातून त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आली : तरंगत्या चिकणमातीने पाणपिसवांच्या समूहाची वाढ खुंटते, पण निवडून खाणाऱ्या रोटिफरांवर तितका परिणाम होत नाही. म्हणजे विष नसलेला कणही कोणता प्राणी टिकेल व कोणता मागे पडेल हे बदलू शकतो. उपाशी ठेवलेल्या पिल्लांवर अठ्ठेचाळीस तासांत होणाऱ्या चाचणीत उपासमारीचा परिणाम दिसणे शक्यच नाही, कारण सर्वच पेल्यांतील पिल्ले उपाशी असतात.

रासायनिक परिणाम व भौतिक परिणाम वेगळे करण्याची रीत अवघड नाही. एका पेल्यात भुकटी, दुसऱ्यात त्याच भुकटीचे गाळलेले द्रावण, तिसऱ्यात त्याच मापाच्या क्वार्ट्झची किंवा केओलिनची तितकीच भुकटी, आणि चौथ्यात निव्वळ पाणी. दुसऱ्या पेल्यात प्राणी मेले तर कारण पाण्यात विरघळलेले आहे. तिसऱ्यात मेले तर कारण कणांत आहे. केवळ पहिल्यातच मेले तर दोहोंचा संयोग किंवा या विशिष्ट भुकटीचा गुण कारणीभूत आहे. तिसऱ्या पेल्यावाचून ‘प्लॅस्टर विषारी’ हे विधान ‘कोणतीही धूळ विषारी’ या विधानापासून वेगळे करता येत नाही. एवढा एक पेला वाढविला असता कितीतरी निष्कर्ष वाचले असते किंवा कोसळले असते. शिवाय अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा सोडून एकवीस दिवसांची प्रजनन-चाचणी, ओईसीडीच्या यादीतील २११ क्रमांकाची, हाती घेतल्यास पिल्लांची संख्या मोजता येते. त्यात प्राण्यांना अन्न दिले जात असल्याने कणांमुळे होणारी उपासमार नियंत्रण पेल्याशी ताडून दिसू शकते.

विसर्जनापूर्वी आणि विसर्जनानंतर

प्रयोगशाळेबाहेरचे साहित्य याहून विपुल आहे. हैदराबादच्या हुसेनसागर तलावावर रेड्डी व कुमार यांनी २००१ मध्ये करंट सायन्समध्ये प्रसिद्ध केलेल्या नोंदीनंतर देशभरातील तलावांवर अशा अभ्यासांची रीघ लागली. त्यांचा साचा ठरलेला आहे : विसर्जनापूर्वी एक नमुना, विसर्जनाच्या दिवशी एक, आठवड्याने एक, सामू, कठीणता, विद्राव्य घन पदार्थ, प्राणवायूची जैविक मागणी, काही धातू, आकडे वाढले, म्हणून जलजीवनास धोका.

या साच्यात दोन दोष आहेत. पहिला असा की त्यात जलजीवन बहुधा नसतेच. पाणी तपासले जाते आणि प्राण्याविषयी निष्कर्ष काढला जातो. कठीणता वाढल्याने पाणपिसू मरते असे गृहीत धरले जाते; वस्तुतः २००५ मधील सोसेक व केनेडी यांच्या कामाने सल्फेटची विषाक्तता कठीण पाण्यात उलट घटते असे दाखविले आहे. म्हणजे जिप्सम आपल्या सल्फेटचा उतारा, कॅल्शियमच्या रूपाने, अंशतः सोबतच घेऊन येते. दुसरा दोष रचनेचा आहे. भाद्रपदात पाऊस संपलेला नसतो. एका सरीने ओढ्यातील गाळ कितीतरी पटीने वाढतो किंवा विरघळलेले क्षार पातळ होतात. एकाच तलावातील पाच ठिकाणांचे नमुने हे पाच स्वतंत्र प्रयोग ठरत नाहीत. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये याला आभासी पुनरावृत्ती असे नाव देऊन पर्यावरण-संशोधनातील हा दोष उघडा केला. चार दशकांनंतरही तो आपल्या नियतकालिकांत ठळकपणे दिसतो. ज्या बंधाऱ्यात विसर्जन होत नाही असा शेजारचा दुसरा बंधारा त्याच दिवसांत, त्याच पद्धतीने तपासल्यावाचून पावसाचा परिणाम आणि मूर्तींचा परिणाम यांची फारकत होऊ शकत नाही.

गाळ, निर्माल्य आणि गंधक

विसर्जनाचा खरा धोका जेथे संभवतो तेथे डॅफ्निया-चाचणी पोहोचतच नाही. मूर्तीसोबत फुले, पाने, दूर्वा व नैवेद्य पाण्यात जातात. हे सेंद्रिय द्रव्य तळाशी कुजताना प्राणवायू संपवते. प्राणवायू संपलेल्या गाळात सल्फेट-क्षपण करणारे जीवाणू सल्फेटचा वापर करतात आणि हायड्रोजन सल्फाइड निर्माण होते. सडक्या अंड्याच्या वासाने ओळखला जाणारा हा वायू अत्यल्प मात्रेतही जलचरांना विषारी असतो. गोड्या पाण्याच्या तळात सल्फेट सहसा मर्यादित असल्याने ही प्रक्रियाही मर्यादित राहते. तळाशी पडलेला जिप्समचा गोळा मात्र सल्फेटचा मंदपणे पाझरणारा साठाच होय. जो आयन वरच्या पाण्यात जवळजवळ निरुपद्रवी ठरला तोच निर्माल्याच्या सान्निध्यात घातक द्रव्याचा कच्चा माल ठरतो. दोघांपैकी एकट्यावर चाचणी केली तर ही गोष्ट कधीच दिसणार नाही.

गुंतागुंत येथे संपत नाही. मूर्तीच्या रंगांतून शिसे किंवा अन्य जड धातू गाळात आले असतील, तर सल्फाइड त्यांच्याशी संयोग पावून अविद्राव्य संयुगे बनविते आणि धातूंची जैविक उपलब्धता कमी करते. पुढे पाणी आटून गाळ उघडा पडला व त्यास हवा लागली की ही संयुगे ऑक्सिडीकृत होऊन धातू पुन्हा मोकळे होण्याची शक्यता असते. वर्षभर पाणी असणाऱ्या शहरी तलावाचा निष्कर्ष हंगामी ओढ्याला लावता येत नाही तो याचमुळे. गाळातील रक्तवर्णी कायरोनोमस अळ्यांवर करावयाच्या चाचण्यांसाठी ओईसीडीच्या २१८ व २१९ क्रमांकांच्या पद्धती २००४ पासून उपलब्ध आहेत. प्लॅस्टरविषयीचा निर्णय द्यावयाचा तर पाणपिसवेपेक्षा ही अळी अधिक योग्य साक्षीदार ठरेल.

पर्यायांची परीक्षा

शाडू मातीची मूर्ती पर्यावरणपूरक मानली जाते. ती पाण्यात लवकर विखरते हे खरे. पण विखरणे म्हणजे विरघळणे नव्हे. शाडू ही चिकणमाती असून तिचे सूक्ष्म कण पाण्यात बराच काळ तरंगतात, आणि वर उल्लेखिलेल्या अभ्यासांत पाणपिसवांना बाधक ठरलेले कण याच जातीचे आहेत. पुराच्या गढूळ पाण्यात पाच किलो मातीची भर नगण्य ठरेल. संथ, निवळ तळ्यात ती तशी ठरेलच असे नाही. याचा अर्थ शाडू वर्ज्य करावी असा मुळीच नाही. मातीचे कण यथावकाश तळाशी बसून गाळाचाच भाग होतात, सल्फेटचा साठा मागे राहत नाही आणि मूर्तीचे भग्न अवयव उन्हाळ्यात कोरड्या पात्रात दिसत नाहीत. हे लाभ खरे आहेत. मात्र एका भुकटीला चाचणीची अट आणि दुसरीला श्रद्धेची सवलत, हा दुजाभाव शास्त्राला मान्य होण्यासारखा नाही. शाडूची भुकटी त्याच चार पेल्यांतून गेली पाहिजे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचविलेली अमोनियम बायकार्बोनेटची रीत रसायनशास्त्राच्या दृष्टीने सुबक आहे. पुणे महानगरपालिकेच्या सहकार्याने ती घरोघरी पोहोचली. प्लॅस्टर या द्रावणात बुडविले असता कॅल्शियम कार्बोनेटचा साका तळाशी बसतो आणि द्रावणात अमोनियम सल्फेट उरते. ते खत म्हणून झाडांना घालता येते. परंतु हे द्रावण झाडांऐवजी गटारात आणि तेथून ओढ्यात गेले तर काय? अमोनियाचा विषारी अंश सामूवर अवलंबून असतो : २५ अंश तापमानाला सामू ८ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे पाच टक्के भाग विषारी, अनायनी रूपात असतो, आणि सामू ९ झाला की तो एक-तृतीयांशाच्या पुढे जातो. बेसाल्टच्या प्रदेशातील अल्कधर्मी पाण्यात हा विचार टाळता येणार नाही. सूक्ष्म जलचरांच्या दृष्टीने पाहिल्यास या रीतीत अल्पविषारी घन पदार्थाचे रूपांतर अधिक विषारी द्रवात होते, आणि ते द्रव पाण्यापासून दूर ठेवण्याची जबाबदारी प्रत्येक घरावर येते. पद्धतीचा पुरस्कार करताना हे सांगणे तितकेच आवश्यक होते. प्रचारपत्रकांत खताची बाजू ठळक होते आणि ही बाजू आक्रसते.

चिंचपाड्याच्या पाण्यात

डॅफ्निया मॅग्ना ही समशीतोष्ण प्रदेशातील पाणपिसू आहे आणि तिची चाचणी २० अंशांच्या आसपास होते. नवापूर तालुक्यातील भाद्रपदातले पाणी त्याहून बरेच उबदार असते आणि त्यात मोइना मायक्रुरा, सेरिओडॅफ्निया कॉर्नुटा यांसारख्या लहान आकाराच्या जाती अपेक्षित असतात. लहान प्राण्याची गाळणजाळी मोठ्या प्राण्यासारखीच असेल असे नाही. म्हणून मोठ्या डॅफ्नियाला ज्या मापाचे कण बाधतात त्याच मापाचे कण मोइनाला बाधतील, असे परस्पर ठरविता येत नाही. मोइना तळ्यातून आणून यीस्ट किंवा शेवाळावर सहज वाढविता येते आणि तिची पिढीही लवकर पुरी होते, त्यामुळे प्रजननापर्यंतची चाचणी एका सत्राच्या आत बसविणे महाविद्यालयीन विभागाला जड जाऊ नये. काचेचे पेले, गाळणकागद, चाळण्यांचा संच, वाहकतामापक व सामूमापक यांच्यापलीकडे फारसे काही लागत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. अनंत चतुर्दशीला ओढा वाहता असतो. विरघळलेले जिप्सम उकाई जलाशयाच्या दिशेने निघून जाते आणि त्या आठवड्यात घेतलेला नमुना जवळजवळ निर्दोष येणार हे आधीच सांगता येते. पौष-माघात प्रवाह तुटतो, ओढ्याचे डोह होतात, डोहात पाणी आटते आणि क्षार वाढतात. मूर्तीचे अवशेष, निर्माल्याचा गाळ आणि उरलेले सारे प्राणी एकाच ठिकाणी कोंडले जातात. हेच प्राणी किंवा त्यांची सुप्त अंडी पुढच्या पावसात ओढा पुन्हा वसवितात. पाणपिसवांची अंडी कोरड्या गाळात तग धरतात, पण गाळाच्या पृष्ठावर जिप्समचा कडक थर बसला असता त्यांतून पिल्ले बाहेर पडण्यावर काय परिणाम होतो, हा प्रश्न अठ्ठेचाळीस तासांच्या कोणत्याही चाचणीच्या कक्षेत येत नाही.

म्हणून या परिसरात कामाचा आरंभ पेल्यापासून न करता तराजूपासून करणे इष्ट ठरेल. त्याच साच्यातील मूर्तीचे काही तुकडे, निम्मे रंगविलेले व निम्मे कोरे, वाळवून तोलावेत आणि मासेमारीच्या जाळ्याच्या लहान पिशव्यांत बांधून विसर्जनाच्या बंधाऱ्यात तळालगत सोडावेत. तेवढ्याच पिशव्या विसर्जन न होणाऱ्या शेजारच्या बंधाऱ्यात सोडाव्यात. दर पंधरवड्याला एकेक पिशवी वर काढून तुकडा त्याच तापमानाला वाळवून पुन्हा तोलावा आणि त्याच दिवशी तळालगतच्या पाण्यातील सल्फेट, प्राणवायू व सल्फाइड मोजावे. विसर्जित मूर्तीचा किती भाग माघापर्यंत पाण्यात गेला आणि किती तळाशी राहिला, हे त्या वजनांवरून कळेल. पेल्यात कोणत्या मात्रा ठेवावयाच्या हे त्यानंतरच ठरविता येईल.